उघड्यावरील छायाचित्रांतील रंग

पावसाचा जोर ओसरूं लागला म्हणजे साताऱ्याच्या पश्चिमेस असलेल्या कास पठारावर तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा जांभळा असे रंगांचे गालिचे पसरतात. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील जीं स्थळें युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून नोंदलीं, त्यांत हें पठारही आहे. तेथून परतलेल्या मंडळींच्या वांट्यास मात्र पुष्कळदां निराशा येते. डोळ्यांनीं पाहिलेलें वैभव छायाचित्रांत उतरलेलें नसतें. पानें राखाडी, आकाश पांढुरकें, डोंगर पुसट! मग रंग वाढविण्याची पट्टी पुढें सरकविली जाते, आणि जें चित्र तयार होतें तें भडक असतें. परंतु तें कासचें नसतें.

रंग फिके कां पडतात, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. पानावर पडलेल्या प्रकाशाचा कांहीं भाग पानाच्या आंत शिरतो व हिरवा होऊन बाहेर येतो. उरलेला भाग वरच्या तुकतुकीत पृष्ठभागावरूनच, आरशावरून परतावा तसा, परततो. हा दुसरा भाग पांढरा असतो. दुधांत पाणी मिसळावें तसा तो हिरव्या रंगांत मिसळतो आणि त्याला पातळ करतो. ओल्या पानांवर ही चकाकी विशेष असते. हवेंतील धुकें व धूळ दूरच्या डोंगरांवर असाच पांढरा पडदा पसरतात.

सुदैवानें, पानावरून किंवा पाण्यावरून परतलेला प्रकाश बऱ्याच अंशीं एकाच दिशेनें कंप पावत असतो. यासच ध्रुवण म्हणतात. भिंगापुढें ध्रुवणकाच, अर्थात् पोलरायझर, लावून ती हळूहळू फिरविली असतां एका स्थितींत ही चकाकी अडते आणि तिच्याखालचा रंग उघडा पडतो. ढगाळ दिवशींही पानांवर हा गुण येतो. स्थिर पाण्याकडे पृष्ठभागाशीं सुमारें ३७ अंशांचा कोन करून पाहिल्यास प्रतिबिंब जवळजवळ नाहींसें होतें. आकाश गडद निळें हवें असल्यास सूर्यापासून ९० अंशांवरील भाग निवडावा. तर्जनी सूर्याकडे रोखून आंगठा तिच्याशीं काटकोनांत धरावा व तर्जनी न हलवितां मनगट फिरवावें. आंगठा ज्या ज्या दिशा दाखवील तेथें परिणाम सर्वांत अधिक. ही काच १ ते २ स्टॉप प्रकाश खाते, म्हणून हात स्थिर ठेवावा लागतो. धातूच्या चकाकीवर मात्र तिचा इलाज चालत नाहीं. मोबाइलनें चित्र घेणाऱ्यांनीं पोलराइज्ड गॉगलची एक काच त्याच्या भिंगापुढें फिरवून पाहावी. प्रत्यय तेव्हांच येईल.

वेळेचेंही महत्त्व आहे. फुलांना पातळ ढगांचा सौम्य प्रकाश मानवतो. तो निळसर असल्यामुळें कॅमेऱ्यावर ढगाळ हवेची खूण निवडावी. डोंगरांचें चित्र, पावसाची सर हवा धुऊन गेली कीं लगेच घ्यावें.

आणखी एक सावधगिरी हवी. १८६१ सालीं मॅक्सवेल यांनीं लाल, हिरवी व निळी अशा ३ प्रतिमा एकावर एक पाडून रंगीत चित्र दाखविलें. आजचा कॅमेराही बहुधा त्याच ३ रंगांत नोंद करतो. सोनकीसारख्या झगझगीत फुलांत एखादा मूळ रंग आपली मर्यादा ओलांडतो, आणि पाकळीवरील रेषा पुसल्या जाऊन नुसता सपाट डाग उरतो. म्हणून अशा वेळीं प्रकाश १/३ ते २/३ स्टॉप कमी घ्यावा. पुसलेल्या रेषा मागाहून कोणत्याही पट्टीनें परत येत नाहींत.

मागाहून रंग किंचित् उजळणें हा कांहीं अपराध नव्हे. परंतु रंग वाढविण्यापूर्वीं रंगावरील पडदा दूर करावा, हा क्रम सोडूं नये. तेरडा थोडे दिवस फुलतो आणि सरतो. घरांतील ज्या वृद्धांना पठारावर जाणें आतां शक्य नसतें, त्यांना समोर धरलेलें चित्र हेंच पठार होय. त्यांच्यापुढें जें ठेवावयाचें तें फिकें नसावें, आणि खोटेंही नसावें.