आल्प्समधल्या गावात तेरा जणांचं बिऱ्हाड

फेब्रुवारीत इंग्लंडच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. 2025च्या त्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून बर्फावर जायचं, असं बर्मिंगहॅमच्या आपांनी आदल्या पावसाळ्यातच जाहीर करून टाकलं. आम्ही महाडचे पाच जण: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, ज्यांना सगळं खानदान अम्मी म्हणतं. आपांच्या घरचे पाच. दोह्याहून धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची चार वर्षांची छोटी. तेरा माणसं झाली. तारखा दोन दिवसांत ठरल्या. राहायचं कुठे, हे ठरायला दोन महिने लागले. परदेशातल्या नातेवाइकांबरोबर असे बेत आता आपल्याही घरांत होऊ लागले आहेत, म्हणून त्या दोन महिन्यांची हकिगत सांगतो.

गाव ठरलेलं होतं: फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळचं मोर्झीन. जिनिव्हा विमानतळापासून ऐंशीएक किलोमीटर, गाडीने साधारण दीड तास. गावाची उंची 1000 मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमी. रायगडच्या रोपवेसारखे पाळणे गावातून डोंगरावर जातात. लोक त्यांत बसून वर जातात, बुटांना स्कीच्या लांब पट्ट्या लावून उतारावरून घसरत खाली येतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात. गावाच्या डोक्यावर 1800 मीटरवर आव्होरियाझ नावाची वस्ती आहे. ही 1960च्या दशकात खास बर्फाच्या पर्यटनासाठी उभारलेली. तिथे मोटारींना बंदी. गाडी वेशीवर सोडायची आणि सामान घोड्याच्या घसरगाडीवर टाकून न्यायचं. हे कळल्यावर मुलांचं मत कुठे गेलं, ते सांगायला नको.

दिरांनी पहिला प्रस्ताव आव्होरियाझचाच पाठवला. शेजारशेजारचे दोन फ्लॅट, एक आठ जणांचा, एक सहा जणांचा. हिशेब बरोबर होता, भाडंही परवडणारं. पण आम्ही शिक्षक माणसं, नकाशा दिला की तो वाचतो. आठ जणांच्या फ्लॅटमध्ये दार असलेली खोली एकच होती. दोघांची सोय बैठकीतल्या सोफाकमबेडवर, आणखी दोघांची तिथेच भिंतीतून ओढायच्या पलंगावर, उरलेल्या दोघांची मुख्य दाराजवळच्या बोळात, एकावर एक अशा खाटांवर. फ्रेंच लोक त्या बोळाला 'डोंगरी कोपरा' म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकांत तिकडे अशी वसाहतीच्या वसाहती बांधली गेली, आणि फ्लॅटला किती 'माणसांचा' म्हणायचं ते खाटा मोजून ठरतं, खोल्या मोजून नव्हे. चार मित्रांना ते चालून जातं. आमच्याकडे दीर, भावजया, दुल्हाभाई, सोळा वर्षांची भाची, आणि फजरच्या आधी दोनदा उठणाऱ्या अम्मी. ओढणी सांभाळत कोणाच्या पलंगावरून वाट काढायची? आम्ही ग्रुपवर एवढंच लिहिलं, "खाटा नकोत, दारं मोजा." त्यानंतर प्रत्येक प्रस्तावाखाली कोणीतरी विचारू लागलं: दारं किती?

मग आपांनी त्यांची पसंती मांडली. या डोंगरी गावांत शॅले नावाची लाकडी घरं आठवड्याच्या बोलीने, बहुतेक शनिवार ते शनिवार, भाड्याने मिळतात. त्यांतली काही स्वयंपाक्यासह असतात. ही खास इंग्रजी पद्धत. सकाळचा नाश्ता, स्कीवरून परतल्यावर चहा आणि घरी भाजलेला केक, रात्रीचं जेवण, हे सगळं कंपनीचे नोकर करतात. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांची सुट्टी. जेवणाबरोबरची वाइनही बऱ्याचदा त्याच भाड्यात धरलेली असते. आम्ही एका कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर सभ्य आणि सरळ होतं: वाइन टेबलावर ठेवणार नाही, मासे आणि शाकाहारी जेवण देऊ, पण हलाल मटणाची जबाबदारी घेता येणार नाही आणि भांडी वेगळी ठेवणं जमणार नाही. तिकडचे पदार्थही अडचणीचे. तार्तिफ्लेत म्हणजे बटाटा, कांदा आणि रेब्लोशाँ चीज, ऐकायला किती साधं. पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. चीज वितळवून पाव बुडवून खायचा फोंड्यू पांढऱ्या वाइनमध्येच शिजतो.

आम्ही सगळ्यांनी तो पर्याय एका संध्याकाळी बाद केला. रात्री अकरा वाजता आपांचा आवाजी निरोप आला. तो आम्ही अजून जपून ठेवला आहे. त्या म्हणाल्या, "भाभी, तुम्ही सगळे हलालचा विचार करताय, तो करायलाच हवा. पण मी वर्षभर नोकरी करून पाच माणसांचं रांधते. आता सुट्टीत तेरा जणांचं रांधायचं? तुम्ही बर्फात आणि मी भांड्यात?"

ग्रुपवर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर आमच्याही मनात स्वतःच्या स्वयंपाकाचं घर घ्यायचं असंच होतं, आणि तो स्वयंपाक कोण करणार हा प्रश्न आम्हाला, बाई असूनही, पडला नव्हता.

दुल्हाभाईंनी हॉटेल सुचवलं. नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून सहा खोल्या, असा आकडा आला आणि तो बघून विषय संपला. शिवाय रात्री तेरा जणांनी एकत्र बसायचं कुठे? अम्मींसाठी सहलीचा सगळा अर्थ तेवढाच होता.

तोवर व्हिसाची घाई सुरू झाली. बर्मिंगहॅमवाल्यांना तो लागत नव्हता, आम्हाला शेंगेन व्हिसा काढायचा होता. अर्जाबरोबर राहण्याचा पुरावा लागतो, आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासविमाही. म्हणजे घर आधी, व्हिसा नंतर. तेव्हा बुकिंग करताना पहिली चौकशी ही: व्हिसा नाकारला तर पैसे किती परत मिळतील आणि कोणत्या तारखेपर्यंत? विम्यात स्कीचे अपघात धरलेत का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावं. बऱ्याच पॉलिसींत ते वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात.

शेवटी मोर्झीन गावात स्वयंपाकघरासह सहा खोल्यांचं शॅले ठरलं, पण आपांच्या अटीवर. सात रात्रींच्या स्वयंपाकाची पाळी आधी लिहून ग्रुपवर लावली. तीन रात्री पुरुषांच्या, तीन बायकांच्या, एक रात्र बाहेर पिझ्झा, तोही भाज्यांचा. दिरांनी सही केल्यासारखा अंगठा पाठवला. आमच्या घरच्यांना अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्यांनी महाडात दोन महिने खिचडीचा सराव केला. आम्ही तो गुपचूप खाल्ला.

मटणाचंही सांगायला हवं. आपा दरवर्षी डबे भरून गोठवलेले सीख कबाब नेणाऱ्या. पण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिथून फ्रान्समध्ये मांस किंवा दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत; भारतातून तर आधीपासूनच बंदी आहे. बाळाच्या दुधाची पावडर वगैरे मोजके अपवाद. उपाय वाटेतच आहे. जिनिव्हाच्या सीमेला लागून अ‍ॅनेमास हे फ्रेंच शहर लागतं, तिथे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांची वस्ती आहे आणि हलाल खाटकांची दुकानं आहेत. शनिवारी दुपारी गाडी थांबवून आठवड्याचं मटण-चिकन घेतलं. मसाले मात्र घरून न्यावेत. आणि लोटाही न्यावा. यावर अधिक लिहीत नाही.

इतका विचार करूनही आमची चूक झालीच. जाहिरातीत लिहिलं होतं, 'लिफ्टपासून 400 मीटर'. ते खरंच होतं. पण ते 400 मीटर चढाचे होते, आणि रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत दगडी पायऱ्या होत्या, गोठून काचेसारख्या झालेल्या. स्कीचे बूट जड आणि ताठ. त्यांत दोनशे पावलं चालली की दोन किलोमीटर वाटतात. मुलं रडत-हसत चढली. अम्मींचे गुडघे त्या पायऱ्यांपुढे हरले. नकाशात आम्ही अंतर पाहिलं, चढ पाहिला नाही. मालकाला पायऱ्यांबद्दल विचारलं नाही. पहिले दोन दिवस सगळे डोंगरावर आणि अम्मी एकट्या खिडकीत. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही विचारलं, "अम्मी, कंटाळलात?" त्या म्हणाल्या, "महाडात खिडकीतून सावित्री दिसते, इथे बर्फ दिसतो. खिडकी ती खिडकीच."

त्या रात्री कोणाला नीट जेवण गेलं नाही. त्यात दिरांची पाळी होती, कांदा करपला, धुराचा अलार्म वाजला. तिथे बैठक आणि स्वयंपाकघर एकच, थंडीमुळे खिडक्या बंद. फोडणीचा वास स्कीच्या कपड्यांत शिरला तो महाडला आल्यावरही गेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुल्हाभाईंनी गावातल्या दुकानातून चपलेच्या तळाला लावायची खिळ्यांची रबरी जाळी आणली. दोन नातवांनी दोन बाजूंनी धरलं, अम्मी एकेक पायरी उतरल्या. खालून बस मिळाली. गावातून प्लेनी नावाच्या डोंगरावर पाळणा जातो, त्यात स्की न करणाऱ्यांनाही तिकीट काढून बसता येतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी ठाऊक असायला हवं होतं. वर ऊन होतं. अम्मी शालीवर शाल घेऊन उपाहारगृहाच्या अंगणात बसल्या, चहा घेतला, आणि समोर छोटी शिक्षिकेमागून घसरत येताना पडली की तिथून ओरडायच्या, "उठ बेटा!" त्यानंतर रोजचा क्रम बसला. पाऊण वाजता जोहरची वेळ होई, त्या सुमारास निम्मे लोक घरी येऊन नमाज पढायचे, जेवायचे. साडेचारच्या आसपास लिफ्ट बंद, मगरिब सहाला. लिफ्ट जवळ असण्याचा खरा फायदा स्की करणाऱ्यांपेक्षा या दुपारच्या फेरीला होतो.

भाड्यावर लागणारे बारीकसारीक खर्च: चादरी-टॉवेल, शेवटची सफाई, डिपॉझिट, आणि अठरा वर्षांवरील प्रत्येकाचा रोजचा पर्यटन कर. निघताना मालकीणबाईंनी यादी घेऊन चमचे मोजले. एका कपाचा कान तुटला होता, तोही लिहिला गेला.

पुढचा बेत आखणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 2026 ते 2028 या तीन वर्षांत इंग्लंडची फेब्रुवारीची सुट्टी रमजानवर येते. म्हणजे ईस्टरला जावं लागेल, आणि तोवर 1000 मीटरवरच्या गावातला बर्फ बहुतेक वितळलेला असतो. तेव्हा राहायचं तर उंचावर. आपांनी आव्होरियाझचे चार प्रस्ताव ग्रुपवर टाकलेही आहेत. दिरांनी विचारलं, दारं किती. आपांनी विचारलं, पुरुषांच्या रात्री किती. अम्मींना मोबाइलवर टाइप करता येत नाही, त्यांनी आमच्या मुलीकडून लिहवून घेतलं, "पायऱ्या किती?"