सोरा, राख आणि कागदी डॉलर

सन १७७५ चा ऑगस्ट महिना. अमेरिकेतील बॉस्टन शहरात इंग्रजांचे सैन्य कोंडले गेले होते आणि शहराबाहेर वसाहतींच्या लोकांनी वेढा घातला होता. इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेल्या तेरा वसाहतींनी जॉर्ज वॉशिंग्टनला सेनापती नेमून दोन महिनेही झाले नव्हते. कोठारात बंदुकीच्या दारूची ३०८ पिंपे आहेत, असे त्याला सांगण्यात आले होते. नीट मोजदाद झाली तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या कोठारात निघाली अवघी ३६! पहिल्या यादीत आजवर गोळा केलेली सगळी दारू लिहिली होती. जूनमध्ये बंकर हिलच्या लढाईत जी उडून गेली, ती वजा करायची राहिली होती. आसपासच्या वसाहतींची दारू मिळवली, तरी दर सैनिकाच्या वाट्याला नऊ बारसुद्धा येईनात. हे ऐकल्यावर सेनापती अर्धा तास एक शब्दही बोलला नाही, असे त्याच्या हाताखालच्या जॉन सुलिव्हन या सेनानीने पत्रात लिहून ठेवले आहे.

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध १७७५ ते १७८३ असे आठ वर्षे चालले. इतिहासाच्या पुस्तकात आपण त्यातल्या लढायांच्या तारखा वाचतो. पण या सैन्याला इंग्रजांइतकेच झुंजावे लागले ते सोरा, पीठ, गाड्या आणि पैसा यांच्याशी. आणि या झुंजीत विज्ञानाच्या विद्यार्थ्याने पाहावे असे पुष्कळ आहे.

सोरा कोठून आणायचा?

बंदुकीच्या दारूत तीनच पदार्थ असतात. वजनाने सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. कोळसा व गंधक जळतात; पण बंदुकीच्या बंद नळीत त्यांना जळायला हवा कोठून मिळणार? ते काम सोरा करतो. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तापताच त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो, सारे मिश्रण क्षणात जळते आणि उत्पन्न झालेले तप्त वायू गोळीला पुढे ढकलतात. अमेरिकेत जंगले अफाट, तेव्हा कोळशाला तोटा नव्हता. गंधक थोडे लागते. अडत होते ते सोऱ्यावाचून.

इंग्रजांना मात्र ही चिंता नव्हती, आणि त्याचे कारण आपल्या देशात होते. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने बिहारमधील सोऱ्याची मक्तेदारी मिळवली होती. गुरांचे मलमूत्र व कुजका पाला मातीत मिसळला, की तेथील सूक्ष्म जीवाणू त्यातल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांपासून नायट्रेटे बनवतात. बिहारची उबदार हवा या जीवाणूंना मानवते. पावसाळा संपून ऊन पडू लागले, की मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते, पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि क्षार पांढऱ्या लोण्यासारखा वर राहतो. भिंतीला लोणा लागतो, तो असाच. नोनिया लोक ही माती खरवडून, पाण्यात कालवून, गाळून, उकळून सोरा काढीत. कंपनीची जहाजे तो लंडनला नेत.

ऑक्टोबर १७७४ मध्ये इंग्लंडच्या राजाने अमेरिकेकडे शस्त्रे व दारू पाठवण्यास बंदी घातली. तेव्हा वसाहतींच्या काँग्रेसने ‘घरोघरी सोरा करा’ अशी मोहीमच काढली. सोरा करण्याच्या रीती सांगणारी पुस्तिका १७७५ मध्ये फिलाडेल्फियात छापली गेली. गोठ्याखालची, तळघरातली माती पाण्यात भिजवायची. त्या पाण्यात बरेचसे कॅल्शियम नायट्रेट उतरते. ते लाकडाच्या राखेतून गाळायचे. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. दोहोंची अदलाबदल होऊन कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते आणि पोटॅशियम नायट्रेट द्रावणात राहते. त्यातले साधे मीठ वेगळे करायची युक्ती तर शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे. शंभर ग्रॅम उकळत्या पाण्यात सुमारे २४५ ग्रॅम सोरा विरघळतो, शून्य अंशाला मात्र फक्त १३ ग्रॅम. मिठाची विद्राव्यता ३९ वरून ३६ पर्यंतच उतरते. म्हणून गरम द्रावण थंड होऊ दिले, की सोऱ्याचे स्फटिक तळाशी बसतात आणि मीठ पाण्यातच राहते.

काँग्रेसचा सभासद जॉन ॲडम्स याची पत्नी ॲबिगेल हिने ३१ मार्च १७७६ रोजी पतीला एक पत्र लिहिले. नवे कायदे कराल तेव्हा स्त्रियांना विसरू नका, असे तिने त्यात बजावले, म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याच पत्रात, आधी साबण करते आणि मग सोऱ्याचाही प्रयोग करून पाहते, असेही आहे. साबणालाही तीच राख लागते! या वाक्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

एवढे करूनही हाती फारसे लागले नाही. माती आणि गाळणी यांत दोष नव्हता. जीवाणूंना घाई करता येत नाही. नायट्रेट साठायला महिनेच नव्हे, वर्षे लागतात, आणि बॉस्टनकडच्या थंडीत जीवाणूंचे काम जवळजवळ थांबते. जीवाणूंचा हा वाटा तर १८७७ पर्यंत कोणाला ठाऊकच नव्हता. युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत वापरलेल्या दारूपैकी दहातले सुमारे नऊ भाग एकतर बाहेरून आले, नाहीतर आयात सोऱ्यापासून बनले. मोठा वाटा फ्रान्सचा. तेथे बोमार्शे नावाच्या नाटककाराने १७७६ मध्ये एक खोटी व्यापारी पेढी काढली आणि फ्रान्स व स्पेनच्या राजांचे पैसे घेऊन गुपचूप दारूगोळा धाडला. (हा गृहस्थ मुळात घड्याळजी; घड्याळाच्या यंत्रणेत त्याने लावलेला शोध पॅरिसच्या विज्ञान अकादमीने मान्य केला होता.) फ्रान्सच्या दारू कारखान्यांचा कारभार १७७५ पासून ज्यांच्याकडे होता, त्यांत एक होता आधुनिक रसायनशास्त्राचा जनक लव्हाझिए. तेथली दारू वाढली आणि सुधारली, त्याचे श्रेय बरेचसे त्याचे.

गाड्यांचे गणित

डिसेंबर १७७७ मध्ये सुमारे बारा हजारांची सेना व्हॅली फोर्ज येथे हिवाळ्यासाठी उतरली. पायात जोडे नाहीत, अंगावर धड कपडे नाहीत, म्हणून २,८९८ माणसे कामाला निरुपयोगी आहेत, असे वॉशिंग्टनने २३ डिसेंबरला काँग्रेसला कळवले. छावणी उठेपर्यंत सुमारे दोन हजार माणसे मेली, आणि तीही बहुतेक रोगराईने.

देशात दुष्काळ होता काय? मुळीच नव्हता. मग धान्य पोचत का नव्हते? थोडा हिशेब करून पाहू. नियमाप्रमाणे दर सैनिकाला रोज एक पौंड पीठ किंवा पाव व एक पौंड गोमांस मिळायचे. गुरे स्वतःच्या पायांनी येतात, म्हणून फक्त पीठ धरू. बारा हजार पौंड म्हणजे जवळजवळ साडेपाच टन. समजा, चार घोड्यांची गाडी एक टन ओढते. मग रोज सहा गाड्या छावणीत आल्या पाहिजेत. जायला दहा व यायला दहा दिवस धरले, तर एका वेळी १२० गाड्या रस्त्यावर हव्यात. चिखलाने वेग निम्मा झाला, की लागतात २४०!

आता घोड्यांकडे पाहा. एका घोड्याला रोज दहा किलो वैरण-दाणा धरा. चार घोडे वीस दिवसांत ८०० किलो फस्त करतात, म्हणजे एक टन पीठ पोचवण्यासाठी जवळजवळ तितकाच चारा. तो वाटेत मिळाला तर ठीक. हिवाळ्यात तो मिळत नाही. घोडे शेकड्यांनी मेले. त्यातून रसदखात्याचा कारभार ढिला. मार्च १७७८ मध्ये नथॅनिएल ग्रीनने तो हाती घेतला, तेव्हा कोठे गाडी रुळावर आली. आणखी एक गोष्ट होती. जवळच्या फिलाडेल्फियात इंग्रज चांदीची नाणी मोजत होते, आणि बऱ्याच शेतकऱ्यांची पोती तिकडे जात होती.

पानाच्या शिरा आणि खोट्या नोटा

कारण वॉशिंग्टनकडे देण्यासारखा होता तो कागद. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. तिने जून १७७५ मध्ये २० लाख डॉलरच्या नोटा काढण्याचे ठरवले, आणि १७७९ अखेर हा आकडा २४ कोटींच्या वर गेला.

खोट्या नोटा ओळखता याव्यात म्हणून बेंजामिन फ्रँकलिनची एक जुनी युक्ती वापरली होती. झाडाचे खरे पान प्लॅस्टरवर दाबून साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतून छपाईचा ठसा करायचा. पानाच्या शिरा जाड-बारीक होत जातात आणि दोन पानांचे जाळे कधी सारखे नसते. कोरक्याच्या हाताला ते साधत नाही. कागदातही अभ्रकाचे कण व निळे धागे घातले होते. तरी इंग्रजांच्या ताब्यातील न्यूयॉर्कमध्ये खोट्या नोटा इतक्या छापल्या गेल्या, की १७७७ मध्ये त्यांची वर्तमानपत्रात जाहिरात आली! पण माझ्या मते दोष सगळा खोट्या नोटांवर टाकणे बरोबर नाही. वस्तू तेवढ्याच राहिल्या आणि खऱ्या नोटाच शंभरपटींहून वाढल्या, तर भाव चढणारच. गाडीभर नोटांना गाडीभर धान्यही मिळत नाही, अशी तक्रार वॉशिंग्टनने १७७९ मध्ये केली. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच एका चांदीच्या डॉलरला ४० कागदी डॉलर हा दर मान्य केला. साध्या शिपायाचा महिन्याचा पगार होता पावणेसात डॉलरांच्या आसपास. म्हणजे हाती पडला चांदीच्या डॉलरचा सहावा हिस्सा. तोही वेळेवर नाही. १ जानेवारी १७८१ ला पेन्सिल्वेनियाच्या पलटणींनी बंड केले, त्याचे हे एक मोठे कारण.

त्याच वर्षी यॉर्कटाऊनकडे कूच करताना फ्रेंच सेनापती रोशांबोच्या खजिन्यातून उसने घेऊन सैनिकांना एक महिन्याचा पगार खणखणीत नाण्यांत दिला गेला. ऑक्टोबरमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने तेथे शरणागती पत्करली. हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणसमोर त्याचे बैल मेले, तोफा त्यालाच नष्ट कराव्या लागल्या आणि फौज उपाशी मागे फिरली. वाटेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठी सैन्य भेटले. त्यांच्या बाजारात धान्य होते, म्हणून तो तरला. भाव मात्र चढा होता!

आणि ते अमेरिकन शिपाई? १७८३ मध्ये त्यांना घरी पाठवताना पगाराऐवजी पुन्हा कागदच मिळाले, ‘पुढे देऊ’ अशा वचनाचे. अनेकांनी ते मिळेल त्या किमतीला विकून टाकले. जुन्या नोटांचा हिशेब १७९० च्या कायद्याने मिटवला गेला. शंभर कागदी डॉलर दिले, की एका डॉलरचा सरकारी रोखा मिळे.