ड्रग्ज घेताना पकडला गेला, मग थेट जेल? कायद्यात दुसरी वाट आहे, पण त्या वाटेवर सोबत कोण करणार?

समजा, नागपुरातला वीस वर्षांचा एक मुलगा आहे. कॉलेज अर्धवट सुटलेलं, दिवसभर गाडीवर डिलिव्हरीचं काम आणि रात्री मित्रांसोबत 'एमडी'. एके दिवशी तो पोलिसांच्या हाती लागतो. घरच्यांना पहिल्यांदा कळतं तेच पोलिस स्टेशनमधून आलेल्या फोनवर. आईला वाटतं, सगळं संपलं. शेजारी म्हणतात, चार महिने आत राहिला की आपोआप सुधारेल.

हा मुलगा काल्पनिक आहे, पण अशी पोरं नागपूरला नवीन नाहीत. ड्रग्जच्या बातमीत किती ग्रॅम माल सापडला आणि त्याची किंमत किती, हे येतं. ते घेणाऱ्या पोराचं पुढे काय झालं, हे सहसा येत नाही.

आधी एमडी म्हणजे काय ते बघू

महाराष्ट्रात 'एमडी' म्हणतात ते मेफेड्रोन. 'म्याव म्याव' हे त्याचंच दुसरं नाव. कारखान्यात रसायनांपासून बनणारी ही उत्तेजक पावडर आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने तिला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत टाकलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गर्द किंवा हेरॉइनचं व्यसन असेल तर डॉक्टरांकडे ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोनसारखी औषधं असतात. मेफेड्रोनसारख्या उत्तेजक ड्रग्जसाठी असं पर्यायी औषध नाही. त्रास कमी करायला गोळ्या देतात, पण मुख्य उपचार समुपदेशनाचा आणि सवयी बदलण्याचा असतो. म्हणजेच इथे माणसांची सोबत जास्त महत्त्वाची ठरते.

कायदा काय म्हणतो?

एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्याच्या कलम २७ नुसार ड्रग्ज घेणं हा गुन्हा आहे. पदार्थ कोणता यावर शिक्षा ठरते, सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. विकणाऱ्याची शिक्षा याहून कितीतरी मोठी असते.

पण याच कायद्यात दोन वाटा ठेवल्या आहेत.

पहिली, कलम ६४-अ. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. अभिनेता फरदीन खानला २००१ च्या कोकेन प्रकरणात २०१२ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने अशीच सूट दिली होती. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढूनही घेता येते.

दुसरी, कलम ३९. इथे दोष सिद्ध झालेला असतो. तरीही वय, स्वभाव, पूर्वीचं वागणं आणि प्रकृती बघून न्यायालय लगेच कैदेची शिक्षा न देता, त्या व्यक्तीच्या संमतीने तिला उपचारांसाठी सोडू शकतं. त्यासाठी बंधपत्र, म्हणजे बाँड लिहून द्यावा लागतो. एका वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल न्यायालयात द्यायचा. अहवाल समाधानकारक असेल तर समज देऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बाँडवर सोडता येतं. त्या काळात पुन्हा असा गुन्हा केला, तर शिक्षा ऐकायला हजर व्हायचं.

काही पोरं ड्रग्जच्या केसमध्ये येत नाहीत. नशेच्या पैशांसाठी केलेल्या मोबाइल चोरीसारख्या गुन्ह्यात ती सापडतात. त्यांच्यासाठी १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. परिवीक्षा म्हणजेच प्रोबेशन. २१ वर्षांखालच्या आरोपीला कैदेत पाठवायचं असेल, तर न्यायालयाने आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा आणि कैद का गरजेची आहे ते लिहून ठेवावं, असं हा कायदा सांगतो. जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत. प्रोबेशनवर सोडताना नशेपासून दूर राहण्याची अट घालता येते, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

मग अडचण कुठे आहे?

बाँडवर सही केल्यानंतर मुलगा परत त्याच मोहल्ल्यात येतो. तोच पानठेला, तेच मित्र, फोनमध्ये तेच नंबर. व्यसनमुक्ती केंद्रातले दिवस संपले की खरी परीक्षा सुरू होते. अमेरिकेच्या 'नायडा' या सरकारी संशोधन संस्थेच्या मते, व्यसनावर उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक पुन्हा कधीतरी घसरतात. दमा आणि उच्च रक्तदाबाचे रुग्णही साधारण इतक्याच प्रमाणात पुन्हा आजारी पडतात.

डॉक्टरांच्या दृष्टीने घसरणं हा आजाराचा भाग आहे. कायद्याच्या दृष्टीने तो अटीचा भंग आहे. या दोन्हींच्या मध्ये तो मुलगा अडकतो. एका रात्री चूक झाली तर तो सांगणार कुणाला? परिवीक्षा अधिकाऱ्याला सांगितलं तर कोर्टाची भीती, घरी सांगितलं तर रडारड, मित्रांना सांगितलं तर 'चल, अजून एकदा'. मग तो लपवतो. आणि लपवलं की एका रात्रीचा महिना होतो.

पीअर कोच म्हणजे कोण?

नेमक्या या जागी पीअर कोच लागतो. म्हणजे स्वतः नशेतून किंवा गुन्ह्याच्या फेऱ्यातून बाहेर पडलेला, साधारण त्याच वयाचा, त्याच भाषेत बोलणारा आणि प्रशिक्षण घेतलेला सोबती.

तो आठवड्यातून एकदोनदा भेटतो. तलफ कधी येते, कुणासोबत येते, पगाराच्या दिवशी येते का, याची यादी दोघं मिळून करतात. तो ओपीडीत सोबत जातो, कोर्टाच्या तारखेची आठवण करतो, कामधंदा शोधायला मदत करतो. दोन दिवस मेसेजला उत्तर नाही आलं, तर "काहून बे, फोन काहून नाही उचलत?" असं हक्काने विचारतो.

तो औषधं देत नाही, पोलिसांचा खबरी नसतो आणि न्यायालयाला अहवालही देत नाही. त्याच्याशी खरं बोलता येतं, हाच त्याचा उपयोग. जिवाला धोका असेल तर मात्र गप्प बसायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं असतं. आणि त्याच्यावर एका प्रशिक्षित समुपदेशकाची देखरेख लागते, कारण अशा कामात तो स्वतःही घसरू शकतो.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. उलट प्रोबेशनची सुरुवातच अशी झाली. १८४१ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे बनवणाऱ्या माणसाने कोर्टात एका दारुड्याचा जामीन भरला. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीवर आणि नीटनेटका होऊन परत आला आणि न्यायाधीशांनी नाममात्र दंड करून त्याला सोडलं. ऑगस्टस दारूबंदीसाठी काम करणाऱ्या 'वॉशिंग्टोनियन' चळवळीत होता. ही चळवळ दारू सोडलेल्यांनीच उभी केली होती.

पुढे १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना याच तत्त्वावर उभी राहिली. तिचे गट नागपुरातही चालतात. महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण म्हणजे पुण्याचं मुक्तांगण. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, गर्दची लाट असताना ते सुरू केलं. तिथे बरे झालेले अनेक रुग्ण पुढे तिथलेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले.

याने खरंच फरक पडतो का?

न्यूयॉर्कमध्ये प्रोबेशनवरच्या तरुणांसाठी 'आर्चेस' नावाचा कार्यक्रम आहे. त्यातले मार्गदर्शक त्याच वस्त्यांमधले, तशाच आयुष्यातून आलेले असतात. अर्बन इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये त्याचं मूल्यमापन केलं. तशाच इतर तरुणांच्या तुलनेत या मुलांचं गंभीर गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरण्याचं प्रमाण एका वर्षानंतर ६९ टक्के आणि दोन वर्षांनंतर ५७ टक्के कमी होतं. फरक मुख्यतः कमी वयाच्या मुलांमध्ये दिसला. हे आकडे गुन्ह्याचे आहेत, नशेचे नाहीत.

नशेचं उदाहरण गोव्यात सापडतं. तिथे डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन, घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन करायला लावलं. ३७७ पुरुषांवरचा हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जणांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, इतरांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होतं.

धोकाही आहे. बिघडलेल्या मुलांना नुसतं एकत्र बसवलं तर ती एकमेकांना आणखी बिघडवू शकतात, असं अमेरिकन संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं. म्हणून कोच निवडताना तो किती काळ नशेपासून दूर आहे, हे बघावंच लागतं.

नागपुरात हे होऊ शकतं का?

१९५८ च्या कायद्याचं कलम १३ वाचलं तर दार उघडं दिसतं. सरकारी परिवीक्षा अधिकाऱ्याशिवाय, सरकारमान्य संस्थेने दिलेली व्यक्तीही हे काम करू शकते. अपवादात्मक प्रकरणात न्यायालयाला योग्य वाटेल ती व्यक्तीही चालते. अर्थात, देखरेख करणारा आणि सोबत करणारा ही दोन वेगळी माणसं असलेली बरी, नाहीतर खरं बोलायची जागाच उरणार नाही.

केंद्राच्या ड्रग्ज मागणी कमी करण्याच्या कृती आराखड्यातही समवयस्कांमार्फत मुलांपर्यंत पोचणारी योजना आहे, पण तिचा भर व्यसन लागण्याआधी रोखण्यावर आहे. कोर्टातून बाँडवर सुटलेल्या पोराला कुणाशी तरी जोडून देणं, हा दुवा अजून जोडायचा आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

घरात किंवा मित्रांत असं कुणी असेल तर?

पोलिस केस होण्याची वाट बघू नका. नागपुरात मेडिकल आणि मेयोच्या मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात जाता येतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ वर टेलि-मानस आहे. केस झालीच असेल तर वकिलाला कलम ३९ आणि ६४-अ बद्दल स्पष्ट विचारा आणि उपचारांचा प्रत्येक कागद जपून ठेवा.

आणि तो मुलगा घसरलो असं स्वतःहून सांगायला आला, तर आधी त्याचं ऐकून घ्या. तो खरं बोलतोय, म्हणजे वाट अजून सुटलेली नाही.