ग्रंथांची छायाप्रत आणि लेखकाचा हक्क

बीदर-कलबुर्गी सीमाभागातील शिक्षकास दुर्मिळ मराठी ग्रंथ लाभला, की तो स्कॅन करून सर्वांस वाटावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु 1957 च्या कायद्यातील 1992 च्या दुरुस्तीनुसार लेखकाचा हक्क निधनवर्षानंतर 60 वर्षे टिकतो. 1926 साली निवर्तलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांचे लेखन आज सर्वांचे आहे. तेव्हाच्या बीदर जिल्ह्यातील निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी 1994 साली वारले, त्यांच्या लेखनावरील हक्क 2054 अखेरपर्यंत राहील.

म्हणून प्रथम शीर्षकपृष्ठ पाहून लेखकाचे निधनवर्ष शोधावे, असे आम्ही सुचवितो. मग बांधणी न उसवता, शिवणीकडील अक्षरे बुडू न देता, इंचास 300 बिंदूंनी पाने टिपावीत. हक्क शिल्लक असल्यास हक्कधारकाची लेखी अनुमती घ्यावी. ग्रंथ वाचवावयाचा, तो लेखकास लुबाडून नव्हे.