लय आणि पट्टी यांचा मेळ

लंडनच्या एखाद्या नृत्यगृहात एक गीत संपत आले आहे आणि दुसरे सुरू व्हायचे आहे. नाचणाऱ्यांची पावले क्षणभरही अडखळता कामा नयेत. ही जबाबदारी डीजेची, म्हणजे दोन तबकड्या एकमेकींत मिसळून वाजवणाऱ्या कलावंताची असते. (आपल्याकडे मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीलाही हेच नाव पडले आहे, तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.) त्याला लय आणि पट्टी अशा दोन गोष्टी जुळवाव्या लागतात. पण एक जुळवू गेले की दुसरी बिघडते. ‘यूके गॅरेज’ या संगीतप्रकारात ही अडचण विशेष जाणवते.

या प्रकाराचे नाव न्यूयॉर्कमधील ‘पॅरडाइज गॅरेज’ या नृत्यगृहावरून आले. ते १९७७ ते १९८७ या काळात चालले. १९९० नंतरच्या दशकात लंडनचे डीजे अमेरिकेतील गॅरेजच्या तबकड्या मूळ गतीहून जलद वाजवू लागले आणि त्यातून तेथील स्वतंत्र रचना जन्मल्या. त्यांची लय मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपास असते.

प्रथम लयीचा विचार करू. एक तबकडी मिनिटाला १३० ठोक्यांनी आणि दुसरी १२९.५ ठोक्यांनी चालली आहे असे समजा. फरक क्षुल्लक वाटतो. परंतु मिनिटभरात तो अर्ध्या ठोक्याइतका साचतो आणि एकीचा ठोका दुसरीच्या दोन ठोक्यांच्या मधोमध पडू लागतो. म्हणून डीजे एका कानाने चालू तबकडी ऐकतो, दुसऱ्या कानाला हेडफोन लावून येणारी ऐकतो आणि तिची गती कमीअधिक करतो. १९७९ साली आलेल्या ‘टेक्निक्स एसएल-१२०० एमके२’ या रेकॉर्ड प्लेअरवर गती दोन्ही बाजूंना ८ टक्क्यांपर्यंत बदलता येते.

गॅरेजच्या ‘टू-स्टेप’ शाखेत हे काम अधिक नाजूक होते. येथे मोठ्या ड्रमचा आघात प्रत्येक ठोक्यावर नसतो. काही ठोके मुद्दाम रिकामे सोडलेले असतात. झांजांचे बारीक आघातही समान अंतरावर न पडता किंचित झुलत येतात. दोन तबकड्यांचे हे झुलणे निराळे असेल, तर मुख्य ठोके जुळूनही मधले आघात एकमेकांना अडवतात.

आता पट्टीकडे वळू. तबकडी जलद फिरवली की केवळ लयच नव्हे, तर स्वरही चढतो. गती सुमारे ६ टक्क्यांनी वाढली की स्वर एका अर्धस्वराने वर जातो. १२४ ठोक्यांचे, पांढरी सहामधील गीत १३१ ठोक्यांवर नेले की ते काळी पाचमध्ये जाऊन बसते. १२६ ठोक्यांचे गीत १३० वर नेले तर स्वर सुमारे पाव स्वराने चढतो, म्हणजे तो कोणत्याच पट्टीत नीट बसत नाही. गॅरेजमध्ये गाणारा आवाज आणि खर्जातील बेस हे दोन्ही ठळक असतात. त्यामुळे हा विसंवाद लपत नाही.

पाश्चात्त्य संगीतात १२ मेजर आणि १२ मायनर अशा २४ पट्ट्या आहेत. षड्ज-पंचमाच्या अंतराने त्या चक्राकार मांडल्या, तर शेजारच्या दोन पट्ट्यांतील सातांपैकी सहा स्वर समान असतात. पांढरी सहाच्या मायनर पट्टीला पांढरी दोन आणि पांढरी तीन यांच्या मायनर पट्ट्या शेजारच्या. पांढरी एकच्या मेजर पट्टीत तर तिचेच सातही स्वर असतात. अशा पट्ट्यांतील गीते एकमेकांत मिसळली तरी सहसा कानाला खटकत नाहीत. मात्र गती बदलली असेल, तर तबकडीची मूळ पट्टी नव्हे, बदललेली पट्टी हिशेबात धरावी लागते.

आज संगणकीय यंत्रे स्वर न चढवता लय बदलू शकतात आणि गीताची पट्टीही सांगतात. तथापि ती पट्टी कधी चुकीची निघते, आणि लय फार ताणली की आवाजाचा नैसर्गिकपणा उणावतो. शिवाय पट्टी जुळली तरी दोन गायिका एकाच वेळी गाऊ लागल्या, तर श्रोत्याला एकही शब्द धड ऐकू येत नाही. म्हणून जाणता डीजे एकीचे शब्द थांबेपर्यंत दुसरीला रोखून धरतो. कोणत्या पट्ट्या जुळतील हे चक्र सांगते. दुसरी तबकडी नेमकी केव्हा आत आणायची, हे मात्र त्याला कानानेच ठरवावे लागते.