जुनेर, गोधडी आणि गावचा शिवणवर्ग

श्रोतेहो, घरातल्या जुन्या कपड्यांचे पुढे काय होते, याचा कधी विचार केला आहे का? पूर्वी याचे उत्तर घरोघर ठरलेले होते. लुगडे मध्ये विरले की विरलेला भाग फाडून काढायचा आणि धड राहिलेल्या बाजू जोडून शिवायच्या. याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही विटले की ते जुनेर होई. जुनेराची गोधडी, तान्ह्याची दुपटी, पायपुसणी, आणि उरलेल्या चिंध्यांना चुलीपाशी काम. काही जुनेर बोहारणीकडे जाई आणि त्याच्या बदल्यात एखादे पातेले घरात येई. फाटक्या कापडालाही किंमत होती, कारण त्याचे काय करायचे ते घरातल्या बाईला ठाऊक होते.

आज गावाबाहेर ओढ्याकाठी जाऊन पाहा. प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर साड्या, शर्ट, चादरी पडलेल्या दिसतात. मग कुणीतरी काडी लावतो आणि काळा धूर वस्तीवर येतो. कापड पूर्वीच्या मानाने स्वस्त झाले, धागा बदलला, ही कारणे खरी आहेत. पण त्याहून मोठे कारण असे की, गोधडी शिवणाऱ्या बायका आता साठीच्या पुढे गेल्या आहेत आणि त्यांच्याजवळ बसून शिकणारे कुणी नाही. हे ज्ञान कुठल्या पोथीत लिहिलेले नाही. ते त्यांच्या बोटांत आहे. ती बोटे थांबण्याआधी गावात एक वर्ग भरवा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी गोधडी म्हणजे काय ते नीट पाहू. कुठे तिला गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. वरचा थर, खालचा थर, मध्ये जुनेराचे आणखी थर, आणि हे सगळे एकत्र धरून ठेवणारा धावदोरा, एवढीच तिची रचना. ऊब कापडातून येते असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे ती थरांच्या मधे अडकलेल्या हवेमुळे टिकते. कोंडलेली, स्थिर हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड सतरंजीपेक्षा पाचसहा पातळ थरांची गोधडी उबदार लागते. टाके लांबलांब पडले तर आतले थर सरकतात, एका कोपऱ्यात गोळा होतात आणि बाकीची गोधडी गार पडते. टाके जवळ पडले तर प्रत्येक टाका थोडे थोडे ओढणे सोसतो आणि कापड जुने असूनही टिकते. शिक्षकहो, विज्ञानाचा हा पाठ मुलांच्या अंथरुणातच आहे!

आता हिशेब करू. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर. तिचे तीन तुकडे केले तर एका माणसाच्या गोधडीचे तीन थर मिळतात. दोन साड्यांत सहा. गोधडी १८० सेंटिमीटर लांब, ११० सेंटिमीटर रुंद धरू आणि टाक्यांच्या ओळींत दीड सेंटिमीटर अंतर ठेवू. म्हणजे ७३ ओळी झाल्या. प्रत्येक ओळ १८० सेंटिमीटरची, म्हणजे एकूण शिवण सुमारे १३१ मीटर. दर सेंटिमीटरला एक टाका धरला तर तेरा हजारांवर टाके! मिनिटाला वीस टाके या वेगाने न थांबता शिवले तरी जवळजवळ अकरा तास लागतात. कापड धुणे, उसवणे, अंथरणे वेगळेच.

हा हिशेब मी मुद्दाम केला. गोधडी ही आपण आजीने बसल्या बसल्या केलेली फुकटची वस्तू समजतो. ती फुकटची नव्हे, निदान दीड दिवसाच्या मजुरीची आहे. वर्गातल्या बायकांनी पुढे गोधड्या विकायच्या ठरवल्या, तर किंमत ठरवताना आधी गावातला मजुरीचा दर घ्यावा, त्याची दीडपट करावी, वर दोऱ्याचा खर्च घालावा आणि मगच गिऱ्हाईकाशी बोलावे. "कापड तर जुनंच आहे की," असे कुणी म्हणाले तर त्याला टाके मोजायला सांगावे.

कापडाची निवड हा कामाचा दुसरा भाग. आजीच्या वेळी घरातले बरेचसे कापड सुती होते, त्यामुळे तिला पारख करावी लागत नव्हती. आज सुती, पॉलिएस्टर आणि मिश्र अशी सगळी कापडे एकाच पेटीत असतात. पारख सोपी आहे. कापडाचे दोनचार धागे चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून, ज्योतीजवळ न्यावेत. सूत कागदासारखे जळते, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आकसते, वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. ही परीक्षा मोठ्या माणसानेच करावी. अंगाला लागणारे दोन्ही थर सुतीच असावेत, कारण सूत घाम टिपून घेते. वितळणारे कापड तान्ह्याच्या दुपट्यात नको आणि शेकोटीशेजारी पांघरायच्या गोधडीतही नको. त्याच्या बाजारच्या पिशव्या करा. जीनचे कापड हाताच्या सुईला फार जाड पडते. त्याचीही पिशवीच चांगली.

आणखी दोनतीन गोष्टी. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि गोधडीला चुण्या पडतात, म्हणून नवा तुकडा आधी धुऊन घ्यावा. गडद रंगावर ओले पांढरे फडके घासून रंग जातो का ते पाहावे. गुंड्या, चेन, हूक काढून डब्यात ठेवावेत. सदरे दुरुस्त करताना ते लागतातच. सदऱ्याची कॉलर वरून झिजली असेल तर ती उसवून, उलटून, पुन्हा बसवता येते. शिंप्यांची ही जुनी युक्ती मुलांना जरूर शिकवावी. मुलांना, म्हणजे मुलग्यांनाही! गावचा शिंपी पुरुष असला तर कुणी हसत नाही. मग मुलाच्या हातात सुई दिली तर का हसावे?

शिवणवर्ग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शिवणयंत्र येते. यंत्र बिघडले की वर्ग बंद पडतो. गोधडीच्या वर्गाला सुई, दोरा, कात्री आणि सावलीची जागा पुरते. शाळेची पडवी, समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, काहीही चालेल. उन्हाळ्यात शेतीची कामे कमी असतात, तो काळ धरावा. गुरुस्थानी गावातली आजी बसवावी आणि तिला मान द्यावा, शक्य तर मानधनही. चार बाजूंना चौघी बसल्या की गोधडी कडेकडेने आत शिवत जाता येते. शिकणारणीने प्रथम सरळ ओळ घालावी, कोपरा वळवणे मागून. बचत गट असेल तिथे हे काम लवकर उभे राहते. शिक्षकांनी टाक्यांचा, कापडाचा, किमतीचा हिशेब मुलांकडून मांडून घ्यावा. हस्तकामातून गणित आणि विज्ञान शिकवावे, हा विचार १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडला होता. त्याच्याही आधी, १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामालाही जागा दिली होती.

एक अडचण मात्र सुईने सुटणारी नाही. ती म्हणजे ठिगळाची लाज. पाहुणे आले की गोधडी माळ्यावर जाते आणि दुकानातले ब्लँकेट खाली येते. त्याच महाराष्ट्रात गाडगेबाबा चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन गावोगाव फिरले, रस्ते झाडले, आणि लोकांनी त्यांना प्रेमाने गोधडेबुवा म्हटले. बंगालातली कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंद याच गोत्रातल्या आहेत. यांतल्या सुजनीला २००६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जुन्या कापडाच्या या बहिणी आज शहरांच्या प्रदर्शनांत मानाने मांडलेल्या असतात. मग आपल्याच वाकळेची आपल्याला लाज का?

तेव्हा मंडळी, या आठवड्यात एवढे करा. घरातली सर्वांत जुनी गोधडी उन्हात टाका आणि ती कुणी शिवली ते विचारा. तिच्यातला एकेक तुकडा कुणाच्या कपड्याचा, हे आजी सांगू लागेल. "ही तुझ्या आत्याची परकर-पोलक्याची कापडं, हे तुझ्या आजोबांचं धोतर," असे ती सांगत असताना शेजारी बसा, सुईत दोरा ओवून द्या आणि पहिली ओळ तिच्याकडून शिकून घ्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघींना बोलवा. वर्ग सुरू झाला असे समजा.