'नो पार्किंग'चा आदेश काढतं कोण? निवेदन देण्याआधी हे समजून घ्या

रस्त्याकडेला एखाद्या सकाळी 'नो पार्किंग'चा फलक उभा राहतो. कार्यकर्ते निवेदन घेऊन नगर परिषदेत जातात. "हे पोलिसांचं काम," असं तिथं ऐकायला मिळतं. पोलीस म्हणतात, "ठराव नगर परिषदेचा आहे." या टोलवाटोलवीत महिना जातो आणि दंड मात्र चालू राहतो.

मुळात ही दोन वेगळी कामं आहेत. 74 व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत वाहनतळ हा नगर परिषदेच्या कामाचा विषय आहे. म्हणजे गाड्यांसाठी जागा तयार करणं, रस्त्यातले अडथळे हटवणं ही तिची जबाबदारी. पण बंदी घालण्याचा अधिकार येतो मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 मधून आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 33 मधून. हिंगोलीसारख्या, पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात असे आदेश जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांच्या सहीनं निघतात. कलम 117 प्रमाणे वाहनं थांबवण्याची जागा ठरवताना स्थानिक संस्थेचा सल्ला घ्यावा लागतो. त्यामुळे सभागृहातला ठराव महत्त्वाचा आहे, पण नुसत्या ठरावावर चलान फाडता येत नाही.

कलम 115 मध्ये आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. निर्बंध घातला तर योग्य ठिकाणी फलक लावणं बंधनकारक आहे. आणि निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त चालणार असेल तर राजपत्रात अधिसूचना हवी. त्याहून कमी मुदतीला राजपत्र लागत नाही, पण स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावीच लागते.

14 एप्रिलच्या मिरवणुकीसाठी मार्ग बदलतात, तो याच दुसऱ्या प्रकारातला आदेश. जयंती मंडळांनी त्याची प्रत आधीच मिळवावी. सेनगाव, औंढ्याकडून टेम्पोनं येणाऱ्या आयाबहिणींना गाडी कुठं थांबणार हे आदल्या दिवशी कळलं, तर भर उन्हातली पायपीट वाचते. (हे काम दरवर्षी शेवटच्या क्षणावर राहतं, हेही कबूल करू.)

बंदीचा खरा फटका बसतो तो हातगाड्यावाल्यांना. पार्किंगच्या नावाखाली त्यांना हुसकावलं जात असेल तर पथविक्रेता कायदा 2014 दाखवा. विक्री प्रमाणपत्र असलेल्याला ठरलेल्या जागेवरून हटवायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. शिवाय नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत अनुसूचित जातींना प्रतिनिधित्व द्यावं लागतं. आपल्या गावात ही समिती आहे का, तिची बैठक कधी झाली, हे विचारा.

लोकांना विश्वासात न घेता पार्किंग लादलं की काय होतं, हे 1 जुलै 2024 ला दीक्षाभूमीवर सगळ्यांनी पाहिलं. भूमिगत वाहनतळाच्या कामाला त्याच दिवशी स्थगिती द्यावी लागली.

नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी 500 रुपये, पुन्हा सापडलात तर 1500. फलक नसताना चलान आलं तर त्या जागेचा फोटो त्याच दिवशी काढा आणि महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा. सोबत 10 रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात आदेशाचा क्रमांक, तारीख आणि प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. निवेदन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहा, प्रती पोलीस अधीक्षक आणि मुख्याधिकाऱ्यांना द्या, आणि तिन्ही ठिकाणी पोच घेतल्याशिवाय परतू नका.